तीस सेकंदांची चढाई

कळव्याला कबड्डी खेळायचे तेव्हा आमचे सर चढाई करून परतलेल्या मुलीला एकच सांगायचे, "समोरची येऊन जाईपर्यंत श्वास जागेवर आण. पुढची चढाई तुझीच आहे." चढाई ३० सेकंदांची. तेवढ्यात काय ते जीव खाऊन करायचं, मग दम खायचा, मग पुन्हा. जिमवाले ज्याला हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग किंवा नुसतं 'हिट' म्हणतात, ते याहून फार वेगळं नाही. एवढं कळायला मला मात्र गच्चीवर एकदा उलटी करावी लागली.

लग्नानंतर ऐरोलीला आले. नोकरी, दोन मुलं, आणि मैदान सुटलं ते पंधरा वर्षं. त्रेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी मोबाइलवर 'तबाता' लावून थेट गच्ची गाठली. २० सेकंद बर्पी (खाली वाकून पालथं व्हायचं, उठायचं आणि उडी मारायची), १० सेकंद थांबा, असे आठ फेरे. तिसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे काजवे चमकले, चौथीत पाण्याच्या टाकीला धरून बसले. लाद्यांवर उड्या मारून गुडघा आठवडाभर सुजला तो वेगळाच. मुलगा म्हणाला, "आई, तू खरंच खेळायचीस ना?"

नंतर वाचलं तेव्हा स्वतःवरच चिडले. जपानी संशोधक इझुमी तबाता यांचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला तो प्रयोग सायकलवर झाला होता, तोही व्यायामाची सवय असलेल्या तरुणांवर. मूळ पद्धत जपानच्या स्पीड स्केटिंग संघाच्या प्रशिक्षकाची. सात-आठ फेऱ्यांत माणूस पार रिकामा व्हावा इतका त्यात जोर. सगळ्यात शेवटी करायची गोष्ट मी पहिल्या दिवशी करायला गेले होते.

तुम्ही तसं करू नका. आधी डॉक्टरांना विचारा. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास, गरोदरपण यातलं काही असेल किंवा चाळिशी उलटून बरीच वर्षं बसून काढली असतील, तर हे टाळू नका. माझ्या दिरांना बीपीसाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू आहे. तिने ठोके फारसे वाढतच नाहीत, त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावर त्यांनी विसंबून चालत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांची शुगर व्यायामाने एकदम खाली येऊ शकते.

पहिले दोन आठवडे फक्त चालायचं: तीन मिनिटं भराभर, तीन मिनिटं रमतगमत, असं पाच वेळा. झाला अर्धा तास. जपानमधल्या मात्सुमोतोच्या शिनशू विद्यापीठातल्या संशोधकांनी ही पद्धत मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांसाठी तपासून पाहिली आहे. भराभर म्हणजे किती? शेजारणीला सुनेची तक्रार सलग सांगता येत असेल तर तुम्ही हळू चालताय. वाक्य मध्येच तुटलं पाहिजे. आठवड्यातून चार दिवस पुरेत.

माझ्याबरोबर तळमजल्यावरच्या काकू आल्या. वय ६१. "अगं, मला उड्या मारायला लावणार का तू?" म्हणत आल्या आणि पहिल्या दिवशी भराभरच्या टप्प्यात माझ्या पुढे निघून गेल्या.

तिसऱ्या आठवड्यापासून चढाया. पाच-सात मिनिटं अंग गरम करा: जागच्या जागी चालणं, हात गोल फिरवणं, हळू उठाबशा. मग ३० सेकंद जोर आणि ९० सेकंद सावकाश चालणं, असे सहा फेरे. मी उड्या सोडून दिल्या आहेत. आमच्या जिन्याची खालची पायरी घेते. एक पाय वर, दुसरा वर, मग दोन्ही खाली, असं भराभर. पाऊल अख्खं पायरीवर टेकवायचं, नुसता चवडा नाही, नाहीतर पोटरी धरते. कठड्याला हात लागला तरी चालेल, पण त्यावर अंग टाकायचं नाही. पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरतं, तेव्हा तिकडे फिरकूही नका. पार्किंगमध्ये गाड्यांच्या मध्ये चार हात जागा मिळते, तेवढी पुरते.

ठोके मोजायला घड्याळच हवं असं नाही. २२० मधून वय वजा करा, माझे येतात १७७. हा आकडा ढोबळ आहे, दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतात. जोराच्या वेळी त्याच्या ८० ते ९० टक्क्यांवर पोचायचं, म्हणजे मला १४२ ते १५९. फेरी संपली की लगेच मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. ३६ ते ३९ भरले की माझं काम झालं. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ते भरत नाहीत, घाबरू नका.

आता खरं सांगायचं ते हे. लोक जोरात कमी पडत नाहीत, दम खाण्यात चोरी करतात. ९० सेकंद फुकट चालल्यासारखं वाटतं, म्हणून ४० सेकंदांतच पुन्हा सुरू. मग पुढची फेरी आपोआप मऊ पडते, आणि अख्खा व्यायाम धड जोराचाही राहत नाही, धड आरामाचाही नाही. म्हणून मी पायऱ्या मोजते. पहिल्या फेरीत १६ वेळा चढले आणि सहावीत १०, म्हणजे दम कमी खाल्ला किंवा पहिल्याच चढाईत सगळं उधळून टाकलं. शेवटची फेरी १४-१५ वर आली की ९० चे ६० सेकंद करायचे, आणि मग फेऱ्या आठ. त्याआधी नाही.

आठवड्यात दोनदा, फार तर तीनदा, आणि मध्ये एक दिवस मोकळा. रोज करणारे मी पाहिलेत, महिनाभरात गुडघा नाहीतर कंबर धरून बसतात. 'नंतर दिवसभर चरबी जळत राहते' असं सांगतात ते खरं आहे, पण अगदी थोडी. तेवढ्यावर वडापाव माफ होत नाही.

गुडघे दुखत असतील तर चढ गाठा. आम्ही रविवारी बेलापूरला पारसिक टेकडीच्या रस्त्यावर जातो. चढावर नुसतं चालून ठोके वर जातात, आदळआपट नाही. दोन-तीन महिन्यांनी तिथे नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममधल्या संशोधकांचं चार गुणिले चार करून बघा: चार मिनिटं जोरात चढायचं, तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा.

मे महिन्यात सहाच्या आत उरका. खाडीकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि तेवढ्याच मेहनतीला ठोके जास्त पडतात. अर्धा तास आधी एक केळं चालेल, पोहे नंतर. संपल्यावर धपकन बसू नका. रक्त पायांत साचून चक्कर येते, म्हणून पाच मिनिटं चालत राहा. आणि छातीत दुखलं, जबड्यात किंवा हातात कळ आली, ठोके वेडेवाकडे पडायला लागले, तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. तिथे खिलाडूवृत्ती दाखवू नका.

परवा काकू म्हणाल्या, "तो तीन मिनिटांचा अलार्म बंद कर आता, मला माझ्या दमावरूनच कळतं." मी केला नाही. सावकाशच्या टप्प्यात त्या दोन मिनिटांतच पुढे सुटतात.