‘गोळी लागते, पण मोजली जात नाही’: शूटर गेमवरची खेळाडूंची मते वाचण्याची रीत

कन्सोलसाठी नवा सायफाय शूटर, म्हणजे विज्ञानकथेतला बंदुकांचा गेम, घ्यावा की नाही हे ठरवताना बहुतेक जण आधी इतर खेळाडूंची मते वाचतात आणि वाचून झाल्यावर पहिल्यापेक्षा जास्त गोंधळतात. एक जण लिहितो की बंदूक चालवण्यात इतकी मजा गेल्या दहा वर्षांत आली नव्हती. त्याच्या खालीच दुसरा लिहितो की चार हजार रुपये पाण्यात गेले. यांपैकी कोणी खोटे बोलत असेलच असे नाही. दोघांची यंत्रे, घरे, इंटरनेट आणि खेळण्याच्या वेळा निरनिराळ्या असतात आणि मत देताना बहुतेक लोक नेमके तेवढेच सांगायचे विसरतात. तेव्हा मत वाचताना या राहून गेलेल्या गोष्टी शोधणे, हेच आपले पहिले काम आहे. त्यासाठी मी बहुतांश उदाहरणे ‘हेलो’ या मालिकेतून घेतो, कारण १५ नोव्हेंबर २००१ रोजी पहिल्या एक्सबॉक्स कन्सोलबरोबर तिचा पहिला भाग आला तेव्हापासून या प्रकारच्या गेमवर जितके म्हणून वाद होऊ शकतात ते सगळे तिच्यावर होऊन गेले आहेत.

आधी घरची गोष्ट सांगतो. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहतो आणि माझा भाचा ऐरोलीला. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी एकाच आठवड्यात एकच ऑनलाइन शूटर घेतला. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष त्याचा नव्हताच. तीन रात्री खेळून मी तावातावाने मत लिहून टाकले की गोळी लागते, पण मोजली जात नाही आणि सामने चालवणारे सर्व्हर भिकार आहेत. भाच्याचे मत मात्र अगदी उलट होते. रविवारी तो जेवायला आला तेव्हा त्याने कंट्रोलर हातात घ्यायच्या आधी विचारले, “मामा, तुझा राउटर कुठे आहे?” राउटर होता हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे, कन्सोल होता आतल्या खोलीत, कारण संध्याकाळी सात ते साडेदहा हॉलचा टीव्ही आईच्या मालिकांचा असतो. मध्ये दोन भिंती आणि एक फ्रीज. भाच्याने स्टेशनाजवळून पंधरा मीटरची लॅन केबल आणली, भिंतीच्या कडेने दारापर्यंत नेली आणि कन्सोलला जोडली. गेमच्या कोपऱ्यात दिसणारा पिंगचा आकडा, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, त्याआधी ७० आणि २४० यांच्यामध्ये उड्या मारत होता, तो ७२ वर येऊन जवळजवळ थांबला. गेम तोच, सर्व्हर तेच, माणूसही तोच; मत मात्र बदलावे लागले.

यातून वाचकाने घ्यायची पहिली सवय अशी की ‘लॅग’ (बटण दाबणे आणि पडद्यावर घडणे यांतला उशीर) किंवा ‘सर्व्हर खराब’ हे शब्द दिसले की लिहिणारा कुठून आणि कशावरून खेळतो याचा मागोवा घ्यावा. प्रकाशाचा वेग काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर असतो आणि मुंबईपासून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद तर निसर्गानेच खाल्ले, आणि समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात आकडा त्याहून मोठा असतो. जो गेम भारतात सर्व्हर न ठेवता सिंगापूरवर आपली सोय लावतो, त्याच्याबद्दल टेक्सासमधल्या खेळाडूने ‘लोण्यासारखा चालतो’ असे लिहिले तर ते त्याच्यापुरते खरे आहे, आपल्या उपयोगाचे नाही. याउलट ‘भारतातून खेळतो, केबल लावली आहे, पिंग इतका येतो’ असे एखाद्याने लिहिले असेल तर बाकीची वीस मते बाजूला ठेवून ते एक मत दोनदा वाचावे. पिंग मोठा असण्यापेक्षा तो सतत बदलत राहणे जास्त त्रासदायक असते, ही गोष्टही लक्षात ठेवावी. ७० च्या स्थिर आकड्याशी हात जुळवून घेतो, उड्या मारणाऱ्या आकड्याशी घेत नाही.

वेळेचेही तसेच आहे. आमच्या घरी मालिका संपून मी खेळायला बसतो तो साडेदहाला, आणि तेव्हा सिंगापुरात रात्रीचा एक वाजलेला असतो. तिकडचे खेळाडू झोपायला गेले की सामना जुळायला वेळ लागतो किंवा गेम आपल्याला आणखी दूरच्या सर्व्हरवर पाठवतो. त्यामुळे ‘वीस सेकंदांत सामना मिळतो’ असे कोणी लिहिले तर तो कोणत्या वारी आणि कोणत्या वेळी खेळला हे विचारायला संकोच करू नये.

दुसरी सवय तारीख पाहण्याची, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण आजकालचा गेम दुकानात आला म्हणजे पूर्ण झाला असे नसते. ‘हेलो: द मास्टर चीफ कलेक्शन’ हा जुन्या भागांचा संच ११ नोव्हेंबर २०१४ रोजी आला तेव्हा ऑनलाइन सामने जुळतच नव्हते, खेळाडू अर्धा-अर्धा तास प्रतीक्षेच्या पडद्याकडे पाहत बसत, आणि निर्मात्यांना जाहीर माफी मागून भरपाई म्हणून ‘हेलो ३: ओडीएसटी’ची कथा-मोहीम फुकट द्यावी लागली. त्या महिन्यातली मते वाचली तर हा संच कोणी हातात धरू नये असेच वाटेल. पुढे २०१८ च्या मोठ्या अपडेटने सामने जुळवण्याची व्यवस्था नव्याने बांधली आणि २०१९ च्या डिसेंबरात ‘हेलो: रीच’ या भागासह हा संच पीसीवरही आला; त्यानंतरची मते वाचणाऱ्याला हा वेगळाच गेम वाटतो, आणि एका अर्थाने तो वेगळाच आहे. म्हणून मतांची क्रमवारी नेहमी ‘नवीन आधी’ अशी लावावी, मोठ्या अपडेटची तारीख शोधावी आणि तिच्या अलीकडची व पलीकडची मते वेगवेगळी वाचावीत. दोन्हींची सरासरी मात्र काढू नये. बिघडलेल्या आणि दुरुस्त झालेल्या पंख्याची सरासरी काढून उन्हाळ्यात वारा मिळत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे लिहिणारा गेमच्या कोणत्या भागाबद्दल बोलतो आहे ते वेगळे काढणे. ‘हेलो इन्फिनिट’चा मल्टिप्लेअर, म्हणजे इतर खेळाडूंशी लढण्याचा भाग, १५ नोव्हेंबर २०२१ रोजी फुकट खुला झाला आणि पैसे देऊन घ्यायचे कॅम्पेन, म्हणजे कथा-मोहीम, ८ डिसेंबरला आले. दोन्हींचे नाव एकच, पण तक्रारींचा रोख निराळा. गोळीबार आणि दोर फेकून स्वतःला ओढून घेण्याचे ग्रॅपलशॉट नावाचे साधन यांचे कौतुक बहुतेकांनी केले. मल्टिप्लेअरवाल्यांचा मुख्य राग होता तो बॅटल पासच्या (खेळत जाऊन टप्प्याटप्प्याने बक्षिसे मिळवण्याच्या योजनेच्या) रडतखडत चालणाऱ्या बढतीवर, जी सुरुवातीला केवळ ठरावीक आव्हाने पूर्ण करूनच मिळत असे. ज्याला फक्त कथा खेळायची आहे त्याचा या रागाशी काडीचाही संबंध नाही, तरी त्याच मतांनी एकूण गुण खाली ओढलेले असतात.

आपल्याकडच्या घरांत याहून महत्त्वाचा प्रश्न एकाच टीव्हीवर दोघांना खेळता येते का, हा आहे, आणि परदेशी मतांत तो पुष्कळदा एका ओळीत उरकलेला असतो. सुट्टीत भावंडे जमतात, टीव्ही एकच असतो, कंट्रोलर दोन असतात. ‘हेलो ५: गार्डियन्स’ हा भाग २७ ऑक्टोबर २०१५ रोजी आला, तो सेकंदाला ६० चित्रे दाखवत असे आणि त्याच्या मल्टिप्लेअरची पुष्कळांनी स्तुती केली, पण पडदा विभागून खेळण्याची, म्हणजे स्प्लिट-स्क्रीनची, या मालिकेची जुनी सोय त्यात काढून टाकलेली होती. ‘इन्फिनिट’मध्ये मल्टिप्लेअरला ती परत आली, मात्र कॅम्पेन दोघांनी एका टीव्हीवर खेळण्याची योजना सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द झाली आणि त्यानंतर नोव्हेंबरात दिली गेली ती फक्त ऑनलाइन सोबत. तेव्हा एखाद्याने ‘को-ऑप (दोघांनी मिळून खेळणे) मस्त आहे’ असे लिहिले तर लगेच हुरळून जाऊ नये. दोन कन्सोल आणि दोन टीव्ही असलेल्या माणसाचा को-ऑप आणि आपला को-ऑप एकच असेल असे नाही. मतांमध्ये थेट ‘स्प्लिट-स्क्रीन’ हा शब्द टाकून शोधावे, आणि तो कॅम्पेनसंबंधी आला आहे की मल्टिप्लेअरसंबंधी, हे पुन्हा तपासावे.

आता हाताला काय वाटते याविषयीची मते. ‘नियंत्रण जड आहे’, ‘माणूस तरंगतो’, ‘बंदुकीत दम नाही’ अशी वाक्ये सर्वांत जास्त सापडतात आणि सर्वांत जास्त फसवतात. २००९ च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘किलझोन २’वर हाच वाद झडला होता: एका गटाला कंट्रोलर उशिरा ऐकतो असे वाटले, दुसऱ्याला चिलखत घातलेल्या सैनिकाचे हेच वजन खरे वाटले. असे मत दिसले की आधी स्वतःच्या टीव्हीकडे पाहावे. अनेक टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी त्याच्यावर प्रक्रिया करत बसतात आणि त्यात वेळ जातो. ‘गेम मोड’ चालू केला की ही प्रक्रिया कमी होते आणि अर्धा जडपणा जागच्या जागी नाहीसा होतो. त्यानंतर फ्रेम रेट पाहावा. सेकंदाला ३० चित्रे असतील तर एक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंद टिकते, ६० असतील तर १७. शूटरमध्ये हा फरक बोटांना कळतो, डोळ्यांना कळला नाही तरी. तिसरे म्हणजे लिहिणारा माउसवर खेळतो की कंट्रोलरवर, हे ओळखावे. पीसी आणि कन्सोलचे खेळाडू एकत्र खेळतात तेथे कंट्रोलरला मिळणाऱ्या एम-असिस्टवरून, म्हणजे नेम धरायला गेम करत असलेल्या मदतीवरून, रोज भांडणे होतात, आणि माउसवाल्याने एखाद्या रायफलला ‘निरुपयोगी’ म्हटले तरी सोफ्यावर बसून कंट्रोलरने खेळणाऱ्याला तीच सर्वांत लाडकी असू शकते.

रागाच्या लाटेत आलेली मते वाचण्यात फार वेळ घालवू नये. २०१६ च्या मे महिन्यात ‘कॉल ऑफ ड्यूटी: इन्फिनिट वॉरफेअर’चा पहिला ट्रेलर आला तेव्हा त्याला यूट्यूबवर तीस लाखांहून जास्त नापसंतीचे अंगठे पडले, गेम तेव्हा कोणी खेळलेलाच नव्हता, लोकांना मालिका अंतराळात गेल्याचा राग होता. खेळून न पाहता गुण देण्याचा हा प्रकार इतका वाढला की २०२० मध्ये मते आणि गुण गोळा करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळाने गेम प्रसिद्ध झाल्यानंतर पहिले ३६ तास खेळाडूंची मते घेणेच बंद केले. शून्य आणि दहा या दोन टोकांची मते सोडून चार ते आठच्या पट्ट्यातली वाचली तर कामाची माहिती जास्त हाती लागते, असा माझा अनुभव आहे.

गाजावाजा नसणे हेही वाईटपणाचे लक्षण नसते. ‘टायटनफॉल २’ हा २८ ऑक्टोबर २०१६ रोजी आला, ‘बॅटलफील्ड १’नंतर बरोबर एका आठवड्याने आणि वर सांगितलेल्या ‘इन्फिनिट वॉरफेअर’च्या एक आठवडा आधी, आणि दोघांच्या मध्ये चेंगरला. तरीही त्याच्या कॅम्पेनमधल्या ‘इफेक्ट अँड कॉज’ या टप्प्याचे, ज्यात एकाच इमारतीच्या दोन काळांमध्ये बटण दाबून ये-जा करता येते, वर्णन लोक आजही आपापल्या शब्दांत करतात. एकमेकांना न ओळखणारी दहा माणसे एकाच प्रसंगाबद्दल तपशिलाने लिहितात, तेव्हा ती शिफारस पक्की समजावी.

वाशीत किंवा ठाणे स्टेशनाच्या परिसरात जुन्या डिस्क घेणारे-विकणारे दुकानदार हाही मतांचा चांगला स्रोत आहे, फक्त प्रश्न नीट विचारायला हवा. डिस्क पंधरा दिवसांत परत आली याचा अर्थ गेम टाकाऊ आहे असा नव्हे. आठ-दहा तासांची कथा संपली म्हणूनही ती परत येते. ‘पूर्ण करून दिली की अर्धवट सोडून?’ एवढेच विचारावे. एक्सबॉक्स सिरीज एस किंवा डिजिटल प्लेस्टेशन घरी असेल तर हा सल्ला सोडून द्यावा, त्यांत मुळात डिस्क ड्राइव्ह नसतो. प्लेस्टेशनच्या दुकानातून घेताना मात्र मते डाउनलोडच्या आधी वाचून संपवावीत, कारण परताव्यासाठी १४ दिवसांची मुदत असली तरी डाउनलोड सुरू केल्यावर तो सहसा मिळत नाही.

स्वतः मत लिहायची वेळ आली की वर जे जे शोधले ते ते आपण सांगावे. माझे जुने मत मी काढून टाकले आणि त्याच्या जागी हे ठेवले: ‘ठाण्यातून खेळतो. कंट्रोलर, लॅन केबल, टीव्ही गेम मोडवर. एकूण चाळीस तास, त्यातले तीस मल्टिप्लेअरचे, बहुतेक रात्री अकरानंतर. पिंग ७० ते ७५. अकरानंतर मोठ्या संघाचे सामने जुळायला चार-पाच मिनिटे लागतात, रविवारी दुपारी लगेच जुळतात. जवळच्या लढतीत शॉटगन चांगली, दूरवर निशाणा डळमळतो. कॅम्पेन दोघांना एका टीव्हीवर खेळता येत नाही.’ भाच्याला फोनवर वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, “आणि आधी राउटर फ्रीजपलीकडे होता, ते?” तेही शेवटी लिहिले. केबल अजून दारातून जाते, आणि आई रोज एकदा तिला अडखळते.