घोड्याला चारा किती पचतो, हे कसे मोजावे

आधी तोच चारा रोज त्याच वेळी, निदान 14 दिवस द्या. मोठ्या आतड्यातले जंतू त्याला सरावायला हवेत. इथे घाई केली तर पुढचे सगळे आकडे फुकट जातात.

मग सलग 5 दिवस मोजणी. घातलेला चारा तोला, उरलेला तोला. लीद शक्यतो शेपटीखाली बांधलेल्या पिशवीत घ्या, दर 4-6 तासांनी रिकामी करा. मूत्र मिसळले तर वजन फुगते. घोडीच्या बाबतीत हे फार सांभाळावे लागते. दिवसाची लीद नीट कालवून दहावा हिस्सा गोठवून ठेवा. शेवटी सगळे हिस्से एकत्र करून 60-65 अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. चाऱ्याचा नमुनाही तसाच.

समजा दिवसाला पोटात गेलेल्या चाऱ्याचे वाळवल्यावरचे वजन 8 किलो. ओली लीद 16 किलो. 100 ग्रॅम वाळवून 20 ग्रॅम उरली, म्हणजे कोरडी 3.2 किलो. (8 − 3.2) ÷ 8 × 100 = 60 टक्के.

उरलेला चारा वजा करायचा राहिला तर पचन खोटेच जास्त दिसते. जमिनीवर सांडलेली लीद सुटली तरी तेच.