सेल्फ कण्हत फिरायचा, बॅटरी मात्र ठणठणीत

निवृत्तीनंतर जुन्या गाडीची दुखणी मी स्वतःच बघतो. सेल्फ मारला की इंजिन कण्हत फिरायचं. बॅटरी बदला, असा सगळ्यांचा सल्ला. पण मीटरवर ती 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज, दाखवत होती. मग मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि मुलीला सेल्फ मारायला सांगितलं. आकडा 1.3 व्होल्ट, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेवर एवढा व्होल्टेज वाया जात होता! तो अर्ध्या व्होल्टच्या आत हवा.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे सेल्फचा एवढा मोठा करंट बॅटरीकडे परतायला इंजिन आणि गाडीची बॉडी जोडणारी धातूची पट्टी, म्हणजे अर्थिंगची पट्टीच लागते. ती सोडवली, तर बोल्टखाली रंगाचा थर आणि हिरवट गंज. पॉलिश पेपरने धातू लखलखेपर्यंत घासला, पट्टी घट्ट आवळली, वरून व्हॅसलिन लावलं. आता आकडा 0.2, आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते.