लेसरडिस्कवरचा पिक्चर घरच्या घरी डीव्हीडीवर चांगल्या क्वालिटीत कसा उतरवायचा

आमचा मामा १७ वर्षं मस्कतला होता, कायमचा सांगलीला परत आला तेव्हा त्याच्यासोबत एक लोखंडी पेटी आली, त्यात जेवणाच्या ताटापेक्षा मोठ्या २६ चकचकीत तबकड्या आणि पायोनियरचा जडच्या जड प्लेअर. गावभागातल्या घरात ती पेटी वरच्या मजल्यावर होती म्हणून २००५ आणि २०१९ या दोन्ही पुरांतनं वाचली, खालच्या खोलीतले फोटोचे अल्बम मात्र गेले. २०१९ चं पाणी ओसरल्यावर भिंती धुता धुता मामा म्हणाला, "बघ रं, ह्यातलं काय परत बघायला मिळल का आपल्याला?" तिथनं मी या कामाला लागलो. आतापर्यंत १९ डिस्क उतरवून झाल्यात, त्यात जे शिकलो ते सगळं इथं लिहितोय. स्वतःकडच्या डिस्क घरी बघण्यासाठी उतरवायच्या एवढंच धरून चाललोय, कॉपी काढून विकायचा विषय नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका. डिस्क सीडीसारखी चमकते म्हणून लोकांना वाटतं की हे डिजिटल आहे, कॉम्प्युटरला लावलं की फाइल कॉपी होईल. तसं नाही. लेसरडिस्क १९७८ ला अमेरिकेत बाजारात आली आणि तिच्यावरचं चित्र पूर्ण अॅनालॉग आहे, लेसरनं वाचतात एवढंच. आवाज नंतरच्या बऱ्याच डिस्कवर डिजिटल असतो पण चित्र नाही. म्हणून एकच मार्ग, प्लेअरवर डिस्क चालवायची आणि बाहेर येणारा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड करायचा. त्या दोन तासांत जे पकडलं तेच तुमच्याकडं राहणार, पुढं सॉफ्टवेअरमध्ये कितीही घासलं तरी त्याच्या वर जात नाही. माझी पहिली डिस्क मी गावातल्या एका दुकानात दिली होती, परत आली तेव्हा माणसं बुटकी आणि जाडी दिसत होती, अंधारातल्या सीनमध्ये नुसते चौकोन चौकोन. सगळी चूक रेकॉर्डिंगच्या वेळचीच होती, ती मागनं सुधारता आली नाही, पुन्हा पहिल्यापासनं केलं.

प्लेअरपासून सुरू करा. वर्षानुवर्षं बंद असेल तर ट्रे बाहेर येत नाही, आतला रबरी पट्टा कडक किंवा ढिला झालेला असतो. आमचा मिरजेतल्या एका जुन्या टेपरेकॉर्डर मेकॅनिककडनं बदलून घेतला. मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नका, जपानहून आलेला प्लेअर १०० व्होल्टचा आणि अमेरिकेतला १२० चा असतो, आपल्या २३० वर डायरेक्ट लावला की गेला, स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर पाहिजे. आखातातनं आलेल्यांना बहुतेक हा त्रास नसतो. प्लेअर सपाट आणि न हलणाऱ्या टेबलावर ठेवा कारण एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही सिस्टिम) डिस्क मिनिटाला १८०० फेऱ्यांपर्यंत फिरते, एवढी मोठी तबकडी या वेगानं फिरताना टेबल थरथरलं तर चित्रात लगेच दिसतं. कामाआधी पंधरा-वीस मिनिटं कुठलीतरी बिनमहत्त्वाची डिस्क चालवून प्लेअर तापू द्या. आणि कॉम्प्युटर, प्लेअर दोन्ही यूपीएसवर घ्या, पावसाळ्यात आमच्याकडं लाइट कशी झपकते ते तुम्हाला माहितीये, पावणेदोन तास झाल्यावर गेली की सगळं पहिल्यापासनं.

डिस्क धरताना दोन्ही तळवे कडेला, बोट पृष्ठभागावर नको. भडंग खाल्लेल्या हातानं तर अजिबात नको, मी एकदा धरली होती, तेलाचा अंगठा उमटला आणि नेमकं त्या जागी चित्रात पांढऱ्या रेघा मारायला लागल्या. धुवायची असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, आणि पुसायचं मधनं कडेकडं सरळ. गोल गोल पुसू नका, गोल ओरखडा पडला तर लेसर त्या ओरखड्यातच चालत राहतो. स्पिरिट-बिरिट टाळा, या डिस्क अॅक्रिलिकच्या असतात, सीडीच्या प्लास्टिकच्या नाहीत, स्पिरिटनं अॅक्रिलिकला बारीक तडे जाऊ शकतात. लेबल आणि कडेचा जोड भिजवू नका.

धुतल्यावरही पडद्यावर रंगीत ठिपके चमचमत असतील, जणू चित्रावर चमकी उधळलीय, तर तो लेसर रॉट. डिस्कच्या दोन बाजू चिकटवलेल्या असतात, त्या जोडातनं आतल्या अॅल्युमिनियमच्या थराला गंज चढतो. याला औषध नाही आणि तो वाढत जातो, म्हणून अशी डिस्क सगळ्यात आधी उतरवा. मामाच्या दोन डिस्कना होता. एक मी "नंतर बघू" म्हणून वर्षभर ठेवली, आज तिची दुसरी बाजू जवळजवळ बघवत नाही. याची मला अजून हळहळ वाटते.

आता कनेक्शन. इथं जरा सावकाश वाचा, बहुतेक लोक इथंच चुकतात. प्लेअरच्या मागं पिवळी पिन म्हणजे कंपोझिट असते, आणि बऱ्याच प्लेअरला एस-व्हिडिओचं गोल सॉकेट पण असतं. व्हीएचएसच्या अनुभवावरनं सगळे सांगतात एस-व्हिडिओच लावा. लेसरडिस्कचं उलटं आहे. डिस्कवर चित्र मुळातच कंपोझिट रूपात कोरलेलं असतं, म्हणजे उजेड-अंधार आणि रंग एकत्र मिसळलेले. ते कुणीतरी वेगळे करायलाच लागतात आणि ते काम कॉम्ब फिल्टर नावाचा भाग करतो. एस-व्हिडिओ लावलं तर प्लेअरचा कॉम्ब फिल्टर काम करतो, कंपोझिट लावलं तर कॅप्चर कार्डाचा, म्हणजे सिग्नल कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या यंत्राचा. ज्याचा फिल्टर चांगला त्याच्याकडं काम द्यायचं. प्लेअर साधा आणि कार्ड चांगलं असेल तर पिवळी पिनच भारी. ओळखायचं कसं, तर पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट किंवा टायटलची लाल अक्षरं येतील असा एक मिनिटाचा तुकडा दोन्ही पद्धतीनं रेकॉर्ड करा. पट्ट्यांवर इंद्रधनुष्य उमटतंय का आणि अक्षरांच्या कडेला मुंग्या चालल्यासारखे ठिपके सरकतायत का बघा. जिथं कमी ते घ्या. पाचसातशे रुपयांच्या यूएसबी कॅप्चर पट्टीत हा फिल्टर फार साधा असतो, ती वापरणार असाल तर एस-व्हिडिओच बरं पडेल.

घरात जुना डीव्हीडी रेकॉर्डर असेल, टीव्हीखाली ठेवायचा तो, तर त्याच्यावर पण सरळ रेकॉर्ड होतं. एका तासाला एक डिस्क जाणारा एक्सपी मोड लावा, सहा तासवाला मोड नको. कॉम्प्युटरची झंझट नको असलेल्यांना हे पुरेसं आहे. पण खरी क्वालिटी पाहिजे तर पुढचं वाचा.

कॅप्चरच्या सेटिंगमध्ये पहिलं म्हणजे एनटीएससी की पाल. आपल्याकडचा टीव्ही पाल, पण मामाच्या सगळ्या डिस्क एनटीएससी निघाल्या. सॉफ्टवेअरमध्ये पाल राहिलं तर चित्र काळंपांढरं येतं नाहीतर वरखाली पळतं, मग माणूस प्लेअर बिघडला म्हणून बसतो. दोन्ही सिस्टिम चालणाऱ्या काही प्लेअरला मागं किंवा मेनूत स्विच असतो, तोही शुद्ध एनटीएससीवर ठेवा. आणि रेकॉर्ड झाल्यावर त्याचं पाल करत बसू नका, हालचाल झटके खाते. आपल्याकडचे बहुतेक डीव्हीडी प्लेअर एनटीएससी सहज चालवतात. साइज ७२० बाय ४८०, रंगाचं सेटिंग ४:२:२, आणि लॉसलेस कोडेक, म्हणजे क्वालिटी न घटवता फाइल साठवणारा, हफवाययूव्ही किंवा लॅगरिथ, मी व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये करतो. तासाला साधारण ३० ते ४० जीबी जागा खातं. ड्राइव्ह एनटीएफएस पाहिजे, फॅट३२ वर ४ जीबीच्या पुढं फाइल वाढतच नाही. रेकॉर्डिंग चालू असताना त्या कॉम्प्युटरवर दुसरं काही करू नका, अँटीव्हायरस बंद, नेट बंद. खाली ड्रॉप्ड फ्रेम्सचा आकडा दिसतो तो शून्यच राहिला पाहिजे, दहावीस फ्रेम गळाल्या की पुढं ओठ आणि आवाज जुळत नाहीत. आधी एखादा उजेडी सीन आणि एखादा रात्रीचा सीन लावून ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघून बसवा, दोन्ही टोकांना कापलं जाऊ नये, पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या दिसायला पाहिजेत.

आवाजाचं थोडक्यात. प्लेअरच्या रिमोटवर डिजिटल ट्रॅक निवडा, तो १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झचा सीडीसारखाच आवाज आहे. ऑप्टिकल आउट वापरायचा मोह होतो, पण चित्र एका यंत्रातनं आणि आवाज दुसऱ्यातनं घेतला की दोघांची घड्याळं वेगळी चालतात, तासाभरात आवाज पुढंमागं होतो. मी लाल-पांढरी पिन त्याच कॅप्चर बॉक्सला लावतो. एखाद्या डिस्कवर अॅनालॉग ट्रॅक लावल्यावर उजव्या बाजूनं नुसता खरखराट आला तर घाबरू नका, तिथं डॉल्बी एसी-३ या सराउंड आवाजाचा सिग्नल भरलेला असतो, डिजिटल ट्रॅकवर या. डीव्हीडीसाठी आवाज ४८ किलोहर्ट्झवर न्यावा लागतो, तो बदल शेवटी एकदाच करा.

एक बाजू साधारण तासाची असते, सीएव्ही म्हणजे फ्रेम-फ्रेम थांबणारी डिस्क असेल तर फक्त अर्ध्या तासाची. प्रत्येक बाजू वेगळी फाइल म्हणून घ्या, नंतर जोडा. बाजू पलटायच्या आधी चित्र काळं होतं तिथं कापलं की जोड कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची आणि बहुतेकांनी सोडलेली पायरी. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमनं शूट झालेला असतो आणि एनटीएससी सेकंदाला सुमारे ३० मागतं, म्हणून बनवताना काही फ्रेम अर्ध्या अर्ध्या करून परत भरलेल्या असतात. कॅप्चर केलेली फाइल फ्रेम-फ्रेम पुढं सरकवून बघा, तीन फ्रेम स्वच्छ आणि दोन फ्रेमवर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा, परत तीन आणि दोन. हे दिसलं की लोक डीइंटरलेस (या रेघा घालवणारा फिल्टर) दाबून मोकळे होतात, आणि चित्राची निम्मी धार जाते. तसं करू नका. एव्हीआयसिंथ या स्क्रिप्टवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टीआयव्हीटीसी नावाचं प्लगइन आहे, ते भरलेल्या फ्रेम ओळखून काढतं आणि मूळच्या २४ परत देतं, नेमकं सांगायचं तर २३.९७६. स्क्रिप्टच्या दोनच ओळी, टीएफएम आणि टीडेसिमेट. पाचातली एक फ्रेम कमी झाल्यानं उरलेल्या फ्रेमना डेटा पण जास्त मिळतो. मामाच्या एका डिस्कवर रेल्वेचा सीन आहे, डीइंटरलेस केलेल्या कॉपीत खिडकीच्या गजांच्या पायऱ्या दिसत होत्या, या पद्धतीनं केल्यावर गज सरळ उभे. डीव्हीडीला २९.९७ च पाहिजे असतं, म्हणून एन्कोड (डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये रूपांतर) झाल्यावर डीजीपुलडाउन या सॉफ्टवेअरनं फाइलला तशी खूण घालायची, प्लेअर बाकीचं बघून घेतो. गाण्याची मैफल किंवा खेळाची डिस्क व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट केलेली असेल तर मात्र यातलं काही करायचं नाही, तशीच इंटरलेस्ड (एकाआड एक रेघांची) ठेवायची, फक्त फील्डचा, म्हणजे फ्रेमच्या कुठल्या निम्म्या रेघा आधी त्याचा, क्रम बरोबर ठेवा, उलटा झाला की हालचालीत चित्र थरथरतं.

नॉइज कमी करायचा फिल्टर लावलाच तर अगदी हलका. चेहरे मेणाचे दिसायला लागले की जास्त झालं समजा. वरखाली काळ्या पट्ट्या असलेले वाइडस्क्रीन पिक्चर मी १६:९ करतो, वरचे ६० आणि खालचे ६० लाइन कापायचे आणि उरलेले ३६० ताणून ४८० करायचे, पण फ्रेम स्वच्छ करून झाल्यावरच, आधी ताणलं तर त्या कंगव्याच्या रेघा कायमच्या आत बसतात.

बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा द्यायचा त्याचा, हिशोब सोपा आहे. ४.७ जीबीच्या डिस्कसाठी ३,६०,००,००० भागिले पिक्चरचे एकूण सेकंद. दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद, आले ५,००० किलोबिट, त्यातनं आवाजाचे २२४ वजा, राहिले ४,७७६ चित्राला. पिक्चर तासाभराचा असेल तर आकडा फुगतो, पण ८,००० च्या वर मी जात नाही, जुने प्लेअर अडखळतात. टू-पास व्हीबीआर (पिक्चर दोनदा बघून जिथं गरज तिथं जास्त डेटा देणारं सेटिंग) लावा, रात्री झोपताना लावला की सकाळी तयार. पिक्चर तीन तासांचा असेल तर एका डिस्कमध्ये कोंबू नका, मध्यंतराला कापून दोन डिस्क करा.

मेनू आणि चॅप्टर डीव्हीडीस्टायलरमध्ये, बर्न इमजीबर्नमध्ये. चांगल्या कंपनीची डीव्हीडी-आर घ्या, सुट्ट्या पन्नासच्या थप्पीतल्या बिननावाच्या घेऊ नका, माझ्या त्यातल्या चार दोन वर्षांत वाचेनात. स्पीड ४ किंवा ८, बर्न झाल्यावर व्हेरिफाय होऊ द्या. कागदी स्टिकर लावू नका, मधल्या पारदर्शक गोलाजवळ मार्करनं नाव आणि तारीख लिहा. ती मोठी लॉसलेस फाइल पुसायची घाई करू नका, शक्य असेल तर एका हार्डडिस्कवर ठेवून द्या. पायोनियरनं लेसरडिस्क प्लेअर बनवणं २००९ मध्येच थांबवलं, आमचा बंद पडला तर दुसरा कुठनं आणणार. मूळ डिस्क पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत वाकतात, उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तर नक्कीच. मी पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात आणि पेटी अजून वरच्याच मजल्यावर आहे. अजून सात डिस्क उरल्यात, त्यातली रॉटवाली या रविवारी लावणार आहे, मामाला सकाळी नऊला यायला सांगितलंय.