मेंदूतलं कॅल्शियम मॉर्फिनचा परिणाम किती कमी करतं, ते उंदरात कसं मोजावं

मॉर्फिन चेतापेशीवरच्या म्यू रिसेप्टरला (अफूजन्य औषधं जिथे चिकटतात त्या प्रथिनाला) चिकटलं की पेशीतले कॅल्शियम चॅनेल, म्हणजे कॅल्शियम आत येण्याच्या वाटा, दबतात आणि वेदनेचा संदेश पुढे नेणारी रसायनं कमी सुटतात. मेंदूच्या पोकळीत कॅल्शियम सोडलं तर हा परिणाम उतरतो. ईजीटीएने, म्हणजे कॅल्शियमला पकडून ठेवणाऱ्या रसायनाने, ते बांधून टाकलं तर वाढतो. नैतिकता समितीची मंजुरी मात्र आधी हवी.

खरी मेख द्रावणात आहे. डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइड 5.88 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर घ्या. 5 मायक्रोलिटरमध्ये 200 नॅनोमोल जातं. फॉस्फेट बफर टाळा, साका बसतो. मीठ 0.9 ऐवजी 0.5 टक्केच ठेवा, नाहीतर द्रावण तीव्र होतं आणि दिसतो तो परिणाम कॅल्शियमचा की द्रावणाच्या खारटपणाचा, हे कळत नाही. ईजीटीए आम्लात विरघळत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडने विरघळवून पीएच 7.4 वर आणा.

शेपूट-झटका चाचणीत शेपटीला उष्णता लावून उंदीर ती किती वेळात झटकतो ते मोजतात. उष्णता अशी लावा की औषधाआधीची मूळ वेळ 2 ते 4 सेकंद येईल. 10 सेकंदांना थांबाच, शेपूट भाजते. मूळ वेळ 3, मॉर्फिननंतर 8 आली, तर (8−3)÷(10−3), म्हणजे 71 टक्के परिणाम. कॅल्शियमसह वेळ 5 वर आली, तर 29.

नुसतं कॅल्शियम दिलेला गट वगळू नका. शेवटी रंग टोचून सुई पोकळीतच गेली होती का ते पाहा. चुकलेले उंदीर हिशेबातून काढा.

आणि हो, कॅल्शियमच्या गोळ्यांना हा निष्कर्ष लावू नका: रक्त-मेंदू अडथळा मेंदूतली पातळी जवळपास स्थिर ठेवतो.