रॅकला फोर्कलिफ्ट लागला की काय बघायचं आणि कसं बघायचं

भिवंडीत गोडाऊन लायनीत बरीच वर्षं काढल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय, रॅक धडक बसते त्याच दिवशी पडेल असं काही नसतं. धडक बसते, कोणी बोलत नाही, माल भरणं चालू राहतं, मग काही आठवड्यांनी कोणीतरी रोजच्यासारखा एक पॅलेट वर ठेवायला जातो आणि तेव्हा सगळं खाली येतं, आणि नाव त्या शेवटच्या माणसाचं होतं. म्हणून हे लिहितोय, सुपरवायझर, इन्चार्ज, नवीन सेफ्टीवाले अशा सगळ्यांसाठी.

आधीच्या एका नोकरीतली गोष्ट. राऊंड मारताना अगदी शेवटच्या लायनीत एका अपराइटला, म्हणजे रॅकच्या उभ्या खांबाला, खालून गुडघ्यापर्यंत स्ट्रेच फिल्म गुंडाळलेली दिसली. पॅलेटला फिल्म मारतात, खांबाला कशाला मारली? कटरने फाडून बघितलं तर आत वाटी बसेल एवढा खड्डा, कडा चिरलेली. ऑपरेटरला विचारलं तर म्हणतो, "साब, हल्का सा लगा था." आणि खरं सांगू, तो खोटं बोलत नव्हता. दोन टन उचलणारी गाडी स्वतःच तीन-साडेतीन टनाची असते, वर माल, तिच्यात बसलेल्याला ते हलकंच लागणार. पण त्याने लपवलं का, तर भिंतीवर बोर्ड होता की रॅक ठोकला तर पगारातून पैसे कापणार. त्या बोर्डाचा फायदा एवढाच झाला की फिल्मचा खप वाढला!

आता तो खांब किती वजन धरून होता बघा. ८०० किलोचा पॅलेट, एका बीमवर (खांबांना जोडणारा आडवा दांडा) दोन, बीमच्या चार लेव्हल, म्हणजे एका बे मध्ये, दोन फ्रेममधल्या खणात, ६,४०० किलो. मधल्या फ्रेमवर अर्धं डावीकडच्या बे चं आणि अर्धं उजवीकडच्या बे चं येतं म्हणजे परत ६,४०० च, फ्रेमला अपराइट दोन, एक पुढे एक मागे, म्हणून एकेका अपराइटवर ३,२०० किलो. आणि हा अपराइट काय असतो तर दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पत्रा, दुमडून खांबाचा आकार दिलेला. सरळ उभा आहे तोवर तो हे वजन आरामात घेतो, एकदा वाकला की खेळ बदलतो. रिकामा पत्र्याचा डबा उभा ठेवून त्यावर पाय दिला तर टिकतो, बाजूने बोट दाबून पाय दिला की चपटा, तसंच.

मग मोजायचं कसं. डोळ्यावर भरवसा ठेवू नका, एक मीटरची सरळ अॅल्युमिनियम पट्टी घ्या आणि सोबत ३ आणि ५ मिमीचे ड्रिल बिट खिशात ठेवा. जिथे आत दबलंय त्या बाजूने पट्टी खांबाला अशी लावा की खड्डा मधोमध येईल, आणि मधल्या फटीत बिट घालून बघा. खांब बीमच्या दिशेने म्हणजे आयलमध्ये, रॅकच्या समोरच्या वाटेत, उभं राहून बघितलं तर डावी-उजवीकडे वाकला असेल तर ५ मिमीपर्यंत चालतं. आयलमधून आत, रॅकच्या खोलीच्या दिशेने ढकलला गेला असेल तर फक्त ३ मिमी. आणि आपल्याकडे गाडी वळताना लागते ती बहुतेक अशीच, आत ढकलणारी, त्यामुळे तीनचा बिट जास्त वापरात येतो. फ्रेममधल्या आडव्या-तिरक्या पट्ट्या असतात त्या ब्रेसिंगला १० मिमी. हे आकडे युरोपातल्या ईएन १५६३५ स्टँडर्डचे आहेत. पण लक्षात ठेवा, हे साध्या वाकण्यासाठी आहे, पत्रा चिरलाय, घडी पडलीय, वेल्ड सुटलाय तर पट्टीबिट्टी बाजूला ठेवा आणि सरळ रॅक रिकामा करायला घ्या.

लिमिटच्या आत असेल तर हिरवं, तारीख लिहून लक्ष ठेवायचं. लिमिटच्या वर पण दुपटीच्या आत असेल तर पिवळं, म्हणजे आहे तो माल निघाला की परत भरायचा नाही आणि चार आठवड्यांत दुरुस्ती, नाही झाली तर तो लाल धरायचा. दुपटीच्या वर गेलं की लाल, म्हणजे आत्ताच्या आत्ता रिकामा. इथे जवळजवळ सगळेच एक चूक करतात, एकच बे रिकामा करतात. अहो, खांब दोन्ही बे चा आहे ना, डावा-उजवा दोन्ही, खालपासून वरपर्यंत रिकामे करायचे, आणि माल उतरवताना सगळ्यात वरचा पॅलेट आधी. नुसता बीम खराब असेल तर तेवढी लेव्हल रिकामी केली तरी चालतं. त्या वेळी त्या आयलमध्ये आणि रॅकच्या मागच्या आयलमध्ये पायी माणूस एक पण नको, पिकिंगवाल्यांना चहाला पाठवा. आणि रॅक झुकलेला दिसतोय किंवा आवाज करतोय तर माल वाचवायला जाऊ नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि रॅकवाल्या कंपनीच्या माणसाला बोलवा.

वेल्डिंगवाल्याला मात्र अजिबात बोलवू नका. गॅसने तापवून, हातोडीने ठोकून खांब सरळ "दिसतो", पण गार रोल केलेल्या पत्र्याला तापवलं की त्याची ताकद जाते, वर रंग मारला की पुढच्याला कळत पण नाही. खराब पार्ट बदलायचा, त्याच मेकचा, त्याच प्रोफाइलचा म्हणजे आकाराचा.

धडक सोडून अजून दोन गोष्टी रॅकचा घात करतात. एक म्हणजे लॉक पिन. बीमच्या टोकाला हुक असतात आणि ते निघू नयेत म्हणून पिन, ती पडली की कोणी लावत नाही, अडीच इंचाच्या त्या पिनकडे बघतो कोण. खालचा पॅलेट जरा जास्त वर उचलला की तो वरच्या बीमला खालून लागतो, पिन नसेल तर बीम हुकातून निघतो आणि त्याच्यावरचे दोन्ही पॅलेट खाली. दुसरी गोष्ट म्हणजे बीम वर सरकवणं. उंच माल आला की कोणीतरी खालचा बीम काढून वर लावतो, अर्ध्या तासाचं काम, पण लोड बोर्ड, म्हणजे रॅकवर किती वजन चालतं ते लिहिलेला बोर्ड, तोच जुना. खालून पहिल्या बीमपर्यंत खांब जितका मोकळा तितका तो लवकर वाकतो, उंच सडपातळ खांबाचं गणित असं की मोकळी उंची दुप्पट केली तर ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. तेव्हा बीम हलवायचा तर आधी कंपनीकडून नवीन लोड घ्या, मग पाना हातात घ्या.

आता गाडीकडे. फोर्कलिफ्ट म्हणजे चाकावरचा सी-सॉ, पुढची चाकं मधला टेकू, एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला मागचं वजन. गाडीवरच्या प्लेटवर २,००० किलो, ५०० मिमी लिहिलंय याचा अर्थ मालाचा मध्य फोर्कच्या (माल उचलणारे पुढचे दात) उभ्या भागापासून ५०० वर असेल तरच दोन टन. लांब पेटी आली, मध्य ७०० वर गेला, की क्षमता साधारण १,६०० च्या घरात येते, मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा) उंच नेला तर आणखी कमी, नेमकी किती ते प्लेटवर बघायचं, अंदाजपंचे नाही. आणि ही गाडी मागच्या चाकांनी वळते, तोंड आयलमध्ये शिरलं तरी शेपटी बाहेर फिरते, कोपऱ्यावरचे खांब ठोकले जातात ते बऱ्याचदा शेपटीने. म्हणून नुसता पिवळा रंग मारून भागत नाही, कोपऱ्याला जमिनीत बोल्ट मारलेला, निदान ४०० मिमी उंचीचा गार्ड लावा. आणि आयल साडेतीन मीटरपेक्षा अरुंद ठेवून त्यात साधा फोर्कलिफ्ट घुसवायचा असेल तर ठोकाठोकी तुम्हीच ठरवून ठेवलीय, ड्रायव्हरला कशाला बोलायचं, तिथे रीच ट्रक, म्हणजे अरुंद आयलसाठीची गाडी, लागतो.

चालवताना फोर्क जमिनीपासून १५-२० सेंटीमीटर, मास्ट मागे झुकवलेला. उतारावर माल असेल तर माल नेहमी चढाच्या बाजूला, म्हणजे उतरताना रिव्हर्समध्ये. माल उंच ठेवून वळायचं नाही, रिकामी गाडी पण जोरात वळवली तर आडवी होते. आणि बसून चालवायच्या गाडीत सगळ्यात महत्त्वाचं, गाडी कलंडायला लागली की उडी मारायची नाही. माणसाचा हात-पाय आपोआप बाहेर जातो आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरचा लोखंडी पिंजरा बरोबर त्याच्यावर येतो. बेल्ट लावलेला हवा, स्टेअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, पडत्या बाजूच्या उलट अंग झुकवायचं. हे नुसतं सांगून होत नाही, बंद गाडीत बसवून चार वेळा करून घ्या. हो, हसतात पोरं, हसू देत.

पिंजरा काय करतो याचं एक उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये श्रॉपशरमधल्या हिन्स्टॉक गावात मे २०१६ मध्ये चीजने भरलेले रॅक एकामागून एक कोसळले आणि फोर्कलिफ्टवाला खाली गाडला गेला, काही तासांनी जिवंत बाहेर काढला. तोच माणूस गाडीतून उतरून पळाला असता तर काय झालं असतं विचार करा.

आता परत त्या फिल्मवाल्या खांबाकडे येतो. तो बोर्ड काढायला मला मॅनेजरशी दोन महिने भांडावं लागलं, त्यांचं म्हणणं दंड काढला तर पोरं बेफिकीर होतील. शेवटी असं ठरलं, धडक सांगितली तर एक रुपया कापायचा नाही, लपवली आणि सापडली तर मात्र गाडीवरून उतरवायचं. प्रत्येक अपराइटला नंबर घातला, डॉकजवळ (ट्रक माल चढवायला-उतरवायला लागतो ती जागा) एक वही टांगली, त्यात फक्त नंबर, तारीख आणि टाइम, नाव लिहायची सक्ती नाही. पहिला आठवडा वही कोरी. दुसऱ्या आठवड्यात पहिली नोंद आली, ती पण माझ्या राऊंडच्या आधी, आणि खाली पेनने लिहिलं होतं, "हल्का नहीं, जोर से लगा."