डेझर्ट नॅशनल पार्कला पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात माळढोक हा गवताळ माळावरचा मोठा पक्षी दिसण्याची आशा आता जवळपास उरलेली नाही. त्यामुळे हिवाळा आला की आपल्याकडचे पक्षीवेडे राजस्थानात जैसलमेरजवळचं डेझर्ट नॅशनल पार्क गाठतात. जरूर जावं. वाईट याचं वाटतं, की बहुतेकांची सकाळ त्याच त्या चुकांपायी वाया जाते.

सम गावाजवळच्या, पर्यटकांच्या वाळूच्या टेकड्या म्हणजेच राष्ट्रीय उद्यान, असं समजू नका. तिथे उंट आणि तंबू आहेत. 3162 चौरस किलोमीटरच्या या उद्यानात वाळूच्या टेकड्या जेमतेम पाचवा हिस्सा आहेत. पक्षी असतात ते खडकाळ माळावर आणि सुदासरीसारख्या ठिकाणच्या सेवण गवतात. वनविभागाची परवानगी आदल्या दिवशीच काढा. सकाळी कार्यालय उघडायची वाट बघत बसलात तर त्या दिवसावर पाणी सोडा.

उशिरा निघणं ही दुसरी चूक. डिसेंबरअखेर तिथे साडेसातच्या सुमारास उजाडतं, म्हणून लोक निवांत नाश्ता करून निघतात. दहा-साडेदहाला जमीन तापते, वरची हवा हलू लागते आणि दुर्बिणीतला पक्षी पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. फोटो अस्पष्ट येतात ते यामुळे. लेन्सला दोष देऊ नका. स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) 60 पटीवर नेला तर थरथर आणखी मोठी होते, 20-25 वरच ठेवा. जैसलमेरहून सहाच्या आत गाडी हलली पाहिजे.

आता सगळ्यात संतापजनक चूक: माळढोकाच्या मागे गाडी घालणं. प्रसंग दर हिवाळ्यात तोच. पाचशे मीटरवर सेवणातून एक पांढरी मान वर येते. मागच्या सीटवरून आवाज येतो, "भैया, थोडा और पास." चालकाला बक्षिसी हवी असते, तो वाट सोडतो. पक्षी चरायचं थांबतो, मान ताणतो, मग पाठ फिरवून चालू लागतो. खरं तर मान ताणली तेव्हाच थांबायला हवं होतं. गाडी वेग घेते आणि पक्षी उडतो. हाती लागतो पाठमोरा, धूसर फोटो. नर माळढोक 15 किलोपर्यंत भरतो, त्याची समोरची नजर अरुंद असते, त्यामुळे आडवी आलेली वीजतार त्याला ऐनवेळी चुकवता येत नाही. आज या पक्ष्याला सर्वांत मोठा धोका या तारांचाच आहे. दीडशेही उरले नसतील, त्यातला एक तुम्ही तारांच्या दिशेने उडवलात तर? उन्हाळा-पावसाळ्यात तर मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते; वाट सोडलेलं चाक त्यावरूनही जाऊ शकतं.

आमची पद्धत साधी आहे. गाडी वाटेवरच ठेवायची, इंजिन बंद, कुणीही खाली उतरायचं नाही, अर्धा तास गप्प बसायचं. गाडीपेक्षा पायी माणसाला हे पक्षी जास्त बिचकतात. चरता चरता पक्षी पुष्कळदा स्वतःच तिरका जवळ येतो. अर्धा तास निघत नसेल त्यांनी माळढोकाच्या वाटेला जाऊच नये.

दिसला तो माळढोकच, याचीही खात्री करा. हिवाळ्यात हुबारा हा माळढोकाचा नातलग पक्षीही असतो, आणि घाईत त्याचीच माळढोक म्हणून नोंद होते. हुबारा बराच लहान, मानेच्या बाजूने खाली उतरणारा काळा पट्टा, उडताना पंखात ठळक पांढरा डाग. माळढोकाची टोपी काळी असते आणि पंखात असा मोठा पांढरा डाग नसतो.

वाटेवर साचलेल्या वाळूत गाडी रुतली तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी खाली जातं. चाकापुढची वाळू हाताने काढा, टायरची हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवा, पायपुसणी चाकाखाली सरकवा आणि हळूच बाहेर काढा. हवा भरायचा छोटा पंप सोबत हवाच, कारण तेवढ्या हवेवर डांबरी रस्त्यावर पळवलं की टायर गेला.

मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. सीमाभाग आहे, ड्रोन घरीच ठेवा. गरम हवेत फुरसं बाहेर असतं, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल नको.

साडेदहानंतर जमिनीवरचं सोडा आणि वर बघा. गरम हवेवर गिधाडं चढतात ती तेव्हाच. मेलेली गुरं टाकतात त्या जागी ती खाली उतरलेलीही मिळतील, पण तिथल्या कुत्र्यांमुळे काच खाली करूनच बघा, दार उघडू नका.